वहिनींचे तीन दगड

आमच्या इस्पितळाला यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने निघणाऱ्या अंकासाठी जुन्या कर्मचाऱ्यांकडून लेख मागवले आहेत. मलाही पत्र आलं. मी तिथला न्हावी. ऑपरेशनच्या आधी माणसाचा पाय, पोट, डोकं, जे काही असेल ते वस्तऱ्याने साफ करून द्यायचं, एवढंच माझं काम. पत्रात लिहिलं होतं, "आपल्या वस्तऱ्याच्या धारेची आठवण आजही काढली जाते. त्याविषयी लिहावं."

ते वाचून माझे कान तापले. ती धार माझी नव्हती, माझ्या वहिनींची होती. मला लिहायची सवय नाही आणि जमेल असंही वाटत नाही. पण हे दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून बसलो आहे.

वहिनी घरात आल्या तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. आई-वडील नव्हते. आम्ही दोघं भाऊ, दोन खोल्या आणि मागे एक न्हाणीघर. थोरला भाऊ बेकरीत भट्टीवर होता. पहाटे जायचा आणि दुपारी भुवयांवर पीठ घेऊन परत यायचा. लग्नानंतर वहिनींची पत्र्याची ट्रंक उचलायला तो ऐटीत वाकला आणि तसाच खाली बसला.

"काय भरलंयस गं हिच्यात? माहेरच्या भिंती काढून आणल्यास की काय?"

"दगड आहेत."

"दगड कशाला आणलेस? इथे दोन होतेच की. एक मी, एक हा."

"हे कामाचे आहेत," वहिनी म्हणाल्या. "तुमचं नंतर बघू."

भाऊ इतका हसला की शेजारीण खिडकीत आली.

ट्रंकेत जुन्या घोंगडीत गुंडाळलेले तीन दगड होते. एक राखाडी, हाताला खरखरीत लागणारा. दुसरा पिवळसर. तिसरा सगळ्यांत लहान, काळा, आणि इतका गुळगुळीत की ओला केल्यावर त्यात खिडकीचे गज दिसायचे. वहिनींचे वडील न्हाव्यांच्या दुकानांतून फिरून वस्तरे पाजवून द्यायचे. वस्तरा चालवणं वेगळं आणि पाजवणं वेगळं. पहिलं येणारे शंभर, तर दुसरं येणारा एखादा. वहिनी लहानपणी दगडावर पाणी सोडायला वडिलांशेजारी बसायच्या आणि पाणी सोडता सोडता सगळं शिकल्या. पुढे वडिलांचा हात थरथरायला लागला. तेव्हा दोन वर्षं घरात बसून वहिनी वस्तरे पाजवायच्या आणि वडील ते दुकानांत पोचवायचे. दुकानदार म्हणायचे, "बाबांचा हात म्हातारपणी आणखी सुधारला." खरं काय ते घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं.

ही गोष्ट वहिनींनी पहिल्या महिन्यातच सहज सांगितली होती. मी तेव्हा ती नीट ऐकली असती तर पुढचं टळलं असतं.

मी तेव्हा एका दुकानात कामाला होतो. दाढी बरी करायचो. पण वस्तरा पाजवायला घेतला की मालक कपाळाला हात लावायचे. "अरे, तुझ्याकडे वस्तरा दिला की विळा होऊन परत येतो! ते गिऱ्हाईक बघ, रडतंय की घाम पुसतंय?"

एका दुपारी मी तो विळा घेऊन घरी आलो. वहिनींनी तो माझ्या हातातून घेतला, उजेडात धरला आणि विचारलं, "भावजी, याने कुणाचा खून केलात?" मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओलं फडकं पसरलं, त्यावर राखाडी दगड ठेवला आणि वर पाणी सोडलं. वस्तरा दगडावर पूर्ण आडवा, म्हणजे पाठही टेकलेली आणि धारही टेकलेली. धार पुढे ठेवून असा सरकवायचा की जणू दगडाचा पापुद्रा काढायचा आहे. दगड संपला की पाठीवर उलटा करायचा, धारेवर कधीच नाही, आणि त्याच वाटेने परत आणायचा. राखाडी दगडावर खर्र आवाज यायचा, पिवळ्यावर कुजबुजल्यासारखा. काळ्यावर गेल्यावर आवाज जवळजवळ नाहीसाच व्हायचा. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर चाळीस हात. हात मोजले नाहीत तरी बरोबर चाळीसच व्हायचे, मी मोजून पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी त्याच वस्तऱ्याने दाढी करताना एक गिऱ्हाईक खुर्चीत झोपलं. मालक बघतच राहिले. मी काही बोललो नाही. ते माझं पहिलं न बोलणं.

सातेक वर्षांनी इस्पितळात जागा निघाली आणि मी तिथे लागलो. तिथले वस्तरे लहान असतात. पातं बोटभर रुंदीचं, कारण कानामागे, घोट्याजवळ, जखमेच्या कडेने फिरवायचं असतं. पातं जितकं लहान तितकी धारेतली चूक मोठी. मी घरून तीन वस्तरे न्यायचो. वहिनींनी त्यांना थोरला, मधला आणि धाकटा अशी नावं दिली होती. धाकटा त्यांच्या वडिलांचा. पाजवून पाजवून तो करंगळीएवढा उरला होता, पण घरातल्या धाकट्यासारखा सगळ्यांत लाडका. मी दुपारी घरी आलो की वहिनी भांडी आवरून तिघांना घेऊन बसायच्या.

ऑपरेशनच्या विभागाची मुख्य सिस्टर कडक होती. छातीवर टाचलेल्या घड्याळाकडे तिचं सारखं लक्ष असायचं, म्हणून सगळे मागे तिला घड्याळबाई म्हणायचे. तिच्या तोंडून कुणाचं कौतुक म्हणजे उन्हाळ्यात गारा. पण महिन्याभरातच ती मला म्हणाली, "मास्तर, तुमच्या आधीच्या माणसाच्या हातून रोज एकाला तरी कापायचं. तुमच्या हातून एक ओरखडा नाही. धार कमाल आहे हो तुमची."

"माझी वहिनी लावते." तीनच शब्द होते. ते माझ्या घशाशी आलेसुद्धा. पण नवी नोकरी, समोर चार वॉर्डबॉय उभे, त्यातला एक आधीच हसत होता. मी म्हणालो, "चालायचंच."

त्या दिवशी घरी आल्यावर वहिनींनी वस्तरे उलगडता उलगडता विचारलं, "आज काय म्हणाले हो लोक?"

"काही नाही," मी म्हणालो.

एकदा "काही नाही" म्हटलं की दुसऱ्यांदा काहीतरी आहे असं कसं म्हणायचं? अकरा वर्षं हे असंच चाललं. त्या विचारायच्या, मी "काही नाही" म्हणायचो, त्या काळ्या दगडावर पाणी सोडायच्या. कधी रागावल्या नाहीत की विचारायच्या थांबल्या नाहीत.

बाराव्या वर्षी एका शनिवारी सिस्टरने मला बोलावलं. नवीन सर्जन आले होते आणि त्यांचे नियम वेगळे होते. "बुधवारपासून घरचे वस्तरे बंद," ती म्हणाली. "इस्पितळाने सहा नवे मागवलेत. ते उकळून माझ्या कपाटात कुलपात राहणार, बाहेर जाणार नाहीत. धुण्याच्या खोलीत तुम्हाला ओटा मोकळा करून दिलाय. दगड घेऊन या आणि इथेच पाजवत जा. तुम्हाला काय, डाव्या हाताचा खेळ."

नवा वस्तरा दिसायला आरशासारखा असतो, पण खरी धार त्याला अजून यायची असते. ती दगडावर यायची, आणि माझा हात तर विळे करणारा. मी घरी येऊन वहिनींना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, कौतुकाचं सोडून.

"मग शिका," वहिनी म्हणाल्या. "तीन दिवस आहेत. मी शिकले तेव्हा मला चार वर्षं लागली, पण तुम्ही हुशार आहात."

भाऊ चहा पीत होता. "हुशार? हा? लहानपणी पेन्सिलीला टोक करताना पेन्सिल संपवायचा."

रविवारी दुपारी मी थोरला वस्तरा घेऊन बसलो. वहिनी शेजारी तांदूळ निवडत होत्या. ताटातून नजर न उचलता त्या आवाजावरून चुका काढायच्या. "दाबताय." "परत दाबताय." "भावजी, तो वस्तरा आहे, कणीक नाही. त्याचं स्वतःचं वजन असतं तेवढं पुरे." सोमवारी बोटं दुखेपर्यंत पाजवलं. हातावरचा एक केससुद्धा कापला गेला नाही.

मंगळवारी दुपारी वहिनी बाजारात गेल्या होत्या. मी पुन्हा बसलो, आणि काय झालं कळलं नाही, अर्ध्या तासात वस्तऱ्याला धार आली. डोक्याचा एक केस उपटून वर धरला, पात्याला लावला, तर केस तुटून खाली. पुन्हा एक धरला, तोही तुटला. मी लहान पोरासारखा दारात जाऊन उभा राहिलो. वहिनी येताच म्हणालो, "बघा!"

त्यांनी पिशवी खाली ठेवली. अंगठ्याचं पेर ओलं करून पात्यावरून हलकेच फिरवलं आणि वस्तरा खिडकीकडे धरला. मग केसांचा जुना ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून, त्याच्या केसांवर वस्तरा दहा वेळा ओढला.

"आता कापा केस."

केस पात्यावर वाकला, पण तुटला नाही.

"पाठ उचललीत तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "घाई झाली की उचलता. पाठ उचलली की धार लवकर येते, पण ती खरी नसते. कडेला धातूची पातळ लव निघते. केस कापते, सगळ्यांना फसवते आणि दहा ओढींत वाकते. मग कातडी सोलते. वडील याला खोटी धार म्हणायचे. ती लावणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत."

मी खाली बसलो. पिशवीतली भाजी काढता काढता वहिनी म्हणाल्या, "सिस्टरना सांगून टाका."

"काय सांगू? मला येत नाही म्हणून?"

"येत नाही असं कशाला? घरी वहिनी लावते, एवढंच सांगा. खरं तेवढंच आहे."

मी दगड पुसून घोंगडीत गुंडाळायला लागलो. नोकरी जाईल ही भीती होती. आणि अकरा वर्षांचं ते "चालायचंच" बाहेर येईल, ही भीती तिच्याहून मोठी होती.

बुधवारी सकाळी धुण्याच्या खोलीतल्या ओट्यावर मी वहिनींचे तिन्ही दगड मांडले. सिस्टरने कपाटातून एक नवा वस्तरा काढून दिला आणि ती दारात उभी राहिली. मी पाजवायला लागलो. पाठ टेकवून ठेवायची असं मनाशी घोकत होतो, पण तिचं ते घड्याळ! ती एकदा घड्याळाकडे बघायची, की माझा हात धावायचा. अर्ध्या तासाने तिने टोपीखालून स्वतःचा एक केस ओढून काढला आणि पात्याला लावला. केस तुटला.

"छान," ती म्हणाली. "चला, पहिला रुग्ण तयार आहे."

पाठ उचलली गेली होती हे मला हातालाच कळलं होतं. तरी मी तिच्यामागून चालत गेलो. हे लिहिताना आजही लाज वाटते.

टेबलावर एक गवंडी होता. गुडघ्याचं ऑपरेशन होतं, आणि तारीख दोनदा पुढे गेलेली. एकदा त्याला ताप आला, एकदा आधीचे डॉक्टर आजारी पडले. नव्या सर्जनचा नियम सगळ्यांना पाठ होता: कातडीवर एक जरी ओरखडा दिसला तरी ऑपरेशन रद्द, आठ दिवसांनी पुन्हा या. मी त्याच्या पायाला फेस लावला.

"मास्तर, जपून हां," गवंडी म्हणाला. "भिंत वाकडी झाली तर पाडून परत बांधतो मी. गुडघ्याचं तसं नसतं म्हणे."

मी वस्तरा उघडून त्याच्या नडगीजवळ नेला. आठ-नऊ ओढी छान गेल्या असत्या. दहाव्या ओढीला काय होईल ते मला ठाऊक होतं, आणि त्या खोलीत ते फक्त मलाच ठाऊक होतं. मी वस्तरा मिटला.

"सिस्टर, हा चालणार नाही."

"आत्ता तर केस कापला याने!"

"केस कापेल. माणसालाही कापेल."

"मग परत पाजवा. वेळ जातोय."

"मला येत नाही."

सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. "अकरा वर्षं काय करत होतात मग?"

"माझी वहिनी लावते," मी म्हणालो. तीनच शब्द. ते म्हणायला अकरा वर्षं लागली.

टेबलावरून गवंडीच म्हणाला, "मग वहिनींना बोलवा की! मी काय पळून चाललोय? पळायला पाय तर पाहिजे!"

सिस्टरने घड्याळाकडे पाहिलं. "घर किती लांब?"

"पंधरा मिनिटं."

"दहा मिनिटांत जा. आणि खांद्यावरचा टॉवेल ठेवून जा."

मी टॉवेलसकट धावलो. वहिनी भाजी चिरत होत्या. मला दारात बघताच त्या उठल्या. सुरी धुतली, हात धुतले, कोरडे केले, पायात चपला घातल्या आणि निघाल्या. मी पुढे पळायला लागलो तर म्हणाल्या, "तुम्ही पळा. मी धावले तर हात थरथरेल." आणि त्या चालतच आल्या, रोज बाजारात जातात तशा. मी कोपऱ्यापर्यंत धावायचो, थांबायचो, त्या आल्या की पुन्हा धावायचो. लोकांना वाटलं असेल, हा माणूस बाईला वाट दाखवतोय की खुळावलाय.

धुण्याच्या खोलीत वहिनींनी वस्तरा उजेडात धरला आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तीच खोटी धार पिवळ्या दगडावर मोडून टाकली आणि पुन्हा राखाडीपासून सुरुवात केली. डॉक्टरांनी तोवर वस्तरा न लागणारा दुसरा रुग्ण आत घेतला. सिस्टर पुन्हा दारात उभी होती. ती घड्याळाकडे बघायची, पण वहिनींची पाठ तिच्याकडे होती. त्यांना घड्याळ दिसतच नव्हतं. खर्र आवाज गेला, कुजबूज गेली. काळ्या दगडावर वस्तरा पुढे सरकला की धारेपुढचं पाणी पात्यावर आपोआप चढायला लागलं. धार सगळीकडे सारखी बसल्याशिवाय पाणी तसं चढत नाही. सिस्टर नकळत दोन पावलं पुढे आली. मग घड्याळाकडे बघायची थांबली.

गवंड्याच्या पायावर ओरखडा उठला नाही. "झालं?" तो म्हणाला. "मी अजून घाबरायला सुरुवातसुद्धा केली नव्हती." अकरा वाजता त्याला आत नेलं.

सिस्टर वहिनींसाठी स्वतः चहा घेऊन आली. तिला कुणासाठी चहा आणताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. "बाई, म्हणजे ते सगळं तुमचं होतं तर," ती म्हणाली. "मी यांना इतक्या वेळा सांगितलं! डोक्याच्या ऑपरेशनच्या एक बाई म्हणाल्या होत्या, आईने डोक्यावरून हात फिरवावा तसं वाटलं. आमचे जुने डॉक्टर निवृत्त होताना म्हणाले, यांची धार मी बरोबर घेऊन जाऊ का? यांनी सांगितलंच असेल म्हणा."

वहिनींनी कप खाली ठेवला आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

"भावजी, एवढं म्हणत होते लोक?"

मी ओट्यावरचं पाणी पुसायला लागलो. घरी जाताना त्या माझ्या पुढे चालत होत्या. वळणावर आल्यावर म्हणाल्या, "दुकानदार काय म्हणायचे ते बाबांनीही मला कधी सांगितलं नाही. शेजारणीकडून कळलं. ते गेल्यावर." एवढंच. पुढे एक शब्द नाही. मला त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी जेवताना मी सांगायला सुरुवात केली. कोण काय म्हणालं, कधी म्हणालं, आठवेल तसं. कानामागे टाके पडलेला ड्रायव्हर, सातव्या खाटेवरच्या आजी, ते झोपून गेलेलं गिऱ्हाईकसुद्धा. भाऊ म्हणाला, "अरे, जेवू दे तिला!" वहिनी म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा हो. भावजी, त्या आजी काय म्हणाल्या ते परत सांगा." अकरा वर्षांचं एका बैठकीत कसं संपणार? आठवडाभर चाललं होतं.

माझी नोकरी राहिली. सिस्टरने वर भांडून वहिनींना कामावर घेतलं. आठवड्यातून दोन दिवस त्या यायच्या. खिडकीजवळ एक स्टूल होतं, त्यावर दुसरं कुणी बसलेलं सिस्टरला चालत नसे. चौदा वर्षं ते सहा लहान वस्तरे वहिनींनी पाजवले. गवंडी दर वर्षी एकदा चालत भेटायला यायचा आणि धुण्याच्या खोलीच्या दारातून ओरडायचा, "वहिनी, गुडघा ठणठणीत!" पुढे एकदाच वापरून फेकून द्यायची पाती आली आणि वस्तरे कपाटातच राहिले.

भाऊ जाऊन सहा वर्षं झाली. मी लग्न केलं नाही. वहिनी म्हणायच्या, दोन दगड सांभाळतेय तेवढे पुरे, तिसरी बिचारी कशाला. आता त्या त्र्याऐंशीच्या आहेत. मोतीबिंदू काढल्यावरही बारीक दिसत नाही, म्हणून धाकटा वस्तरा मी पाजवतो, माझ्याच दाढीसाठी. त्या शेजारी बसून ऐकतात. अजून महिन्यातून एकदा तरी ऐकू येतं, "पाठ उचललीत." पण आता दहा ओढींनंतरही केस तुटतो. हे मला या वयात आलं, तेही त्यांच्यामुळे.

काल हा लेख मी त्यांना वाचून दाखवला. मान हलवत त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. एकदाच मधे थांबवलं: "मी भाजी चिरत नव्हते, शेंगा सोलत होते." मग म्हणाल्या, "छापणारे काय म्हणाले?"

"अजून दिला नाही, वहिनी."

"मग देऊन या. आणि ते काय म्हणतील ते सगळं येऊन सांगा."

उद्या सकाळी जाणार आहे. जे काही म्हणतील, ते लिहूनच घेईन.